उबुंटू २४.०४ वर बांधलेली बायनरी सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ वर उघडत नाही. जुन्या जीलिबसीला (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीला) धरून राहायचं कसं?

दगडीपाटा (प्रश्न)

सी++१७ मधलं एक मुक्तस्रोत कमांड लाइन टूल आहे. देवनागरी मजकुराच्या मोठ्या सीएसव्ही फाइली तपासतं, साफ करतं आणि एचटीटीपीएसवरून सर्व्हरवर चढवतं. बाहेरच्या लायब्ररी तीनच: लिबकर्ल, ओपनएसएसएल आणि झेडलिब. बिल्ड सीमेकवर.

रिलीजची बायनरी पूर्वी उबुंटू १८.०४ वर तयार व्हायची, आता सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) २४.०४ वर आहे. नवी बायनरी जुन्या मशिनांवर सुरूच होत नाही. ‘जीलिबसी_२.३८ ही आवृत्ती सापडली नाही’ अशी ओळ येते आणि तिच्या खाली तशीच २.३४ ची. कोडमध्ये नवं काही घातलेलं नाही. आकडे वाचायला स्ट्रटोल वापरलंय, बाकी साधे थ्रेड. स्ट्रटोल तर सी भाषेइतकं जुनं, मग त्याला २.३८ कशाला लागतं?

सेंटओएस ७ वर काही जण सोर्सवरून बिल्ड करतात. तिथे कंपायलर डेवटूलसेटचा (जुन्या सिस्टिमवर नवा जीसीसी देणाऱ्या पॅकेजचा) आहे, पण लायब्ररी सिस्टिमच्याच: लिबकर्ल ७.२९, ओपनएसएसएल १.०.२. कर्ल_माइम_इनिट आणि ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स_न्यू ही दोन्ही फंक्शन सापडत नाहीत म्हणून बिल्ड थांबतं. १८.०४ वर तिसरीच तऱ्हा, पीथ्रेड_क्रिएट सापडत नाही म्हणून लिंक अडतं.

ही मशिनं वापरणाऱ्यांच्या ताब्यात नाहीत, त्यामुळे ‘ओएस बदला’ हे उत्तर देता येत नाही. एकच बायनरी सगळीकडे चालेल असं काही करता येईल का? आणि सोर्समध्ये जागोजागी इफडेफ (कंपाइल करताना कोड निवडणाऱ्या अटी) न पेरता जुन्या लायब्ररींना सांभाळायचं कसं?

खटाटोपी

आधी २.३८ कुठून आलं ते बघा. बायनरीवर ऑब्जडम्प (बायनरीच्या आतलं दाखवणारं टूल) मोठ्या टी पर्यायासह चालवा आणि आउटपुटमध्ये २.३८ असलेल्या ओळी ग्रेप करा. तुमच्याकडे बहुधा आयसोसी२३_स्ट्रटोल, आयसोसी२३_स्ट्रटोयूएल, कदाचित आयसोसी२३_एसस्कॅनएफ अशी नावं निघतील. कोडमध्ये तुम्ही साधं स्ट्रटोल लिहिलंय, पण जीलिबसी २.३८ च्या हेडरमध्ये ते नाव या नव्या फंक्शनकडे वळवलेलं आहे. सी२३ मध्ये ‘०बी’ ने सुरू होणारे द्विमान आकडे वाचायची सोय आली, तिच्यासाठी हे केलंय. साध्या सी कोडमध्ये ग्नू सोर्स हा मॅक्रो नसेल तर जुन्या मानकाखाली हे वळण लागत नाही. जी++ मात्र तो मॅक्रो स्वतःहून लावतो, म्हणून सी++ प्रकल्प यात हमखास सापडतात.

२.३४ चं कारण वेगळं आहे आणि ते कोड बदलून सुटणार नाही. त्या आवृत्तीत लिबपीथ्रेड आणि लिबडीएल या लायब्ररी मुख्य लिबसीमध्ये विलीन झाल्या. त्यामुळे पीथ्रेड_क्रिएट, डीएलओपन यांना २.३४ चा शिक्का मिळाला. त्याच वेळी लिबसी_स्टार्ट_मेन या सिम्बॉलचीही (बायनरी लायब्ररीकडे ज्या नावाने फंक्शन मागते त्याची) नवी आवृत्ती आली. मेन सुरू होण्याआधीचा जो तुकडा प्रत्येक प्रोग्रॅमला आपोआप जोडला जातो, तो हे सिम्बॉल मागतो. म्हणजे २.३४ किंवा पुढच्या सिस्टिमवर नुसतं ‘हॅलो वर्ल्ड’ बांधलंत तरी ते २.३३ वर उघडणार नाही.

यामागचा नियम एवढाच की सिम्बॉलची आवृत्ती लिंक करताना ठरते, आणि ज्या मशीनवर लिंक करता तिथली सगळ्यात नवी आवृत्ती उचलली जाते. जीलिबसी जुनी सिम्बॉल ठेवून देते, म्हणून जुनी बायनरी नव्या सिस्टिमवर चालते. उलट दिशेने काहीच हमी नाही.

असे टप्पे आणखी आहेत, ओळखीचे असलेले बरे. मेमसीपीवायची नवी आवृत्ती २.१४ ला आली. गेटरँडम २.२५ ला. एफसीएनटीएल६४ हे २.२८ ला. एक्सप, लॉग, पॉव यांच्या नव्या आवृत्त्या २.२९ ला, म्हणून गणिती कोड हटकून तिथे अडकतो. स्टॅट आणि एफस्टॅट २.३३ पर्यंत हेडरमधूनच दुसऱ्या नावाने जायचे, २.३३ पासून ती खरी सिम्बॉल झाली.

नेटवर एक तोडगा फिरतो: असेंब्लीची सिमव्हर ओळ लिहून मेमसीपीवाय जबरदस्तीने २.२.५ ला बांधायचं. एका सिम्बॉलचा प्रश्न असेल तर ते चालून जातं. पण ती ओळ फक्त तुमच्या फाइलपुरती लागू असते. स्टॅटिक (म्हणजे बायनरीतच मिसळून) जोडलेल्या लिबएसटीडीसी++ या सी++ लायब्ररीच्या आत तेच सिम्बॉल नव्या आवृत्तीने येतं, आणि लिबसी_स्टार्ट_मेनला तर तुमचा हातच पोचत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी वाईट कल्पना म्हणजे नवी लिबसी बायनरीसोबत पाठवून एलडी_लायब्ररी_पाथ तिकडे वळवणं. लोडर (प्रोग्रॅम आणि लायब्ररी मेमरीत चढवणारा) आणि लिबसी ही एकाच बिल्डमधली जोडी असते. लोडर जुना आणि लिबसी नवी असं झालं की प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळतो. शिवाय तो पाथ टूलने सुरू केलेल्या प्रत्येक पोटप्रोसेसला लागतो, मग साधं एलएससुद्धा पडतं.

सह्यकडा

खटाटोपींच्या नियमाचा सरळ अर्थ असा की ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचं, तिच्या लिबसीवरच लिंक करा, पण कंपायलर नवा घ्या. मशीन जुनं लागत नाही, कंटेनर (जुन्या सिस्टिमच्या फाइलींची इमेज घेऊन तिच्या आत काम चालवायची सोय) पुरतो.

तुमच्यासाठी आकडे असे. सेंटओएस ७ म्हणजे २.१७. उबुंटू १८.०४ म्हणजे २.२७. आरएचईएल ८ आणि अल्मा ८ म्हणजे २.२८. उबुंटू २०.०४ म्हणजे २.३१, २२.०४ म्हणजे २.३५, २४.०४ म्हणजे २.३९. आजकाल बहुतेक प्रकल्प अल्मा ८ ला तळ (चालेल अशी सगळ्यात जुनी सिस्टिम) मानतात, पायथॉनवाल्यांची मेनीलिनक्स_२_२८ ही इमेज त्यावरच आहे. तुमची अडचण अशी की १८.०४ त्याच्या एकच पायरी खाली आहे. २.२८ चं एखादं सिम्बॉल आलं की १८.०४ गेलं. सेंटओएस ७ तर हवंच आहे. तेव्हा तळ २.१७ ठेवा आणि मेनीलिनक्स२०१४ ची इमेज घ्या. ती सेंटओएस ७ वर बेतलेली आहे आणि त्यात डेवटूलसेट १०, म्हणजे जीसीसी १० आहे. सी++१७ ला तेवढं भरपूर.

कोरी सेंटओएस ७ इमेज घेणार असाल तर पहिल्याच यम कमांडला ठेच लागेल. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली आणि मिररलिस्टचा पत्ता बंद झाला. यमच्या रेपो फाइलींमध्ये मिररलिस्टच्या ओळी कॉमेंट करा, बेसयूआरएलच्या उघडा आणि त्यातलं ‘मिरर’ बदलून ‘व्हॉल्ट’ करा. डेवटूलसेट ज्या एससीएल रेपोतून येतो, त्याच्या फाइली वेगळ्या असतात. तिथेही हाच बदल लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. त्यानंतर सगळ्यात आधी सीए-सर्टिफिकेट्स पॅकेज अद्ययावत करा. जुन्या पॅकेजमध्ये ३० सप्टेंबर २०२१ ला मुदत संपलेलं एक मूळ सर्टिफिकेट आहे. ओपनएसएसएल १.०.२ त्याच्यावरच अडून बसायचं आणि लेट्स एन्क्रिप्ट वापरणाऱ्या साइटवरून डाउनलोड व्हायचं नाही.

गिटहब अ‍ॅक्शन्सवर असाल तर जॉबच सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये चालवू नका. चेकआउटची चौथी आवृत्ती नोड २० वर चालते, त्या नोडला जीलिबसी २.२८ लागतं, म्हणजे तुमचा कोड येण्याआधीच जॉब पडतो. रनर उबुंटूचाच ठेवा, चेकआउट बाहेर करा आणि मग डॉकर रन करून सोर्सची डिरेक्टरी आत माउंट करा.

लिबएसटीडीसी++ बद्दल. डेवटूलसेटची रचना नेटकी आहे: जुन्या सिस्टिममध्ये जे सिम्बॉल आहे ते सिस्टिमच्या लायब्ररीतून घ्यायचं आणि जे नवं आहे तेवढंच बायनरीत स्टॅटिक मिसळायचं. त्यामुळे वेगळा पर्याय न देताही बायनरी जीसीसी ४.८ च्या लिबएसटीडीसी++ वर चालते. एक अट मात्र पाळावी लागते. सेंटओएस ७ वर हा कंपायलर स्ट्रिंग आणि लिस्टची जुनीच एबीआय (बायनरी पातळीवरची मांडणी) वापरतो, सीएक्सएक्स११ एबीआयचा मॅक्रो १ केलात तरी तो दुर्लक्षित होतो. म्हणून कुठली तयार सी++ लायब्ररी उबुंटूवरून उचलून इथे जोडू नका. लिंक करताना ‘सीएक्सएक्स११’ असं नाव असलेल्या न सापडलेल्या सिम्बॉलची रांग लागते.

ओपनएसएसएल आणि लिबकर्ल मात्र स्टॅटिकच जोडा. सेंटओएस ७ वर लायब्ररीचं नाव लिबएसएसएल.एसओ.१०, उबुंटू १८.०४ वर एसओ.१.१, २२.०४ पासून एसओ.३. डायनॅमिक ठेवलंत तर एक बायनरी सगळीकडे चालणं अशक्य. ओपनएसएसएलची ३.५ ही मालिका घ्या, तिला एप्रिल २०३० पर्यंत पाठिंबा आहे. कॉन्फिगर करताना नो-शेअर्ड द्या आणि लिबडिर म्हणून ‘लिब’ द्या. नाहीतर फाइली लिब६४ मध्ये जातात आणि पुढे कर्लला त्या दिसत नाहीत. कॉन्फिगर ‘आयपीसी/सीएमडी.पीएम सापडत नाही’ म्हणून थांबलं तर पर्ल-आयपीसी-सीएमडी हे पॅकेज बसवा.

आडवाटेचा

कंटेनर सांभाळायचा नसेल तर झिग या भाषेसोबत येणारा सी कंपायलर बघा. टार्गेट देताना ‘लिनक्स-ग्नू’ च्या पुढे टिंब देऊन २.१७ लिहिलं की तो त्या आवृत्तीच्या लिबसीची सिम्बॉल यादी स्वतः तयार करून तिच्यावर लिंक करतो. उबुंटू २४.०४ वरच, कंटेनरशिवाय. रस्ट प्रकल्पांसाठी याच तत्त्वावर कार्गो-झिगबिल्ड आहे. एआरएम६४ ची बायनरीही त्याच मशीनवर होते, हा मोठा फायदा.

पण दोन गोष्टी आधी तपासा. झिग सी++ साठी एलएलव्हीएमची लिबसी++ वापरतो, ग्नूची नाही. सिस्टिमवरची कुठलीही सी++ लायब्ररी त्याला जोडता येत नाही. तुमच्या तिन्ही लायब्ररी सीमध्ये आहेत, म्हणून तुम्हाला अडचण नाही. दुसरं, त्या तिन्ही लायब्ररी झिगनेच बांधाव्या लागतील. सिस्टिमची लिबकर्ल जोडायला गेलात तर तिच्यातून २.३८ परत आत येतं.

मस्लवर (जीलिबसीऐवजी वापरता येणाऱ्या छोट्या सी लायब्ररीवर) पूर्ण स्टॅटिक बायनरी हाही पर्याय आहे आणि जीलिबसीचा प्रश्नच त्याने मिटतो. तुमच्या टूलमध्ये थ्रेड आहेत म्हणून सांगतो: मस्लमध्ये थ्रेडचा स्टॅक डीफॉल्टने १२८ केबी असतो, जीलिबसीवर सहसा ८ एमबी. थ्रेडमध्ये मोठा अ‍ॅरे लोकल व्हेरिएबल म्हणून ठेवला असेल तर सेगफॉल्ट होतो आणि कारण पटकन सापडत नाही. पीथ्रेडच्या अ‍ॅट्रिब्यूटमधून स्टॅक वाढवा किंवा तो अ‍ॅरे हीपवर न्या. अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागत असतील तर मस्लचा अ‍ॅलोकेटर मंदही पडतो.

जीलिबसी स्वतः स्टॅटिक जोडायचा मोह मात्र टाळा. गेटअ‍ॅड्रइन्फो नाव शोधताना एनएसएसचे (जीलिबसीच्या नावं शोधणाऱ्या व्यवस्थेचे) भाग चालू सिस्टिमवरून लोड करतं आणि त्यांना नेमकी तीच जीलिबसी लागते. लिंकर तशी सूचना देतो, ती सूचना खरी असते. तुमचं टूल सर्व्हरशी बोलतं, म्हणजे हे पहिल्याच दिवशी अंगावर येईल.

दगडीपाटा

ऑब्जडम्प चालवलं. २.३८ वाली तीन सिम्बॉल निघाली, तिन्ही आयसोसी२३ ची. मेनीलिनक्स२०१४ च्या इमेजमध्ये ओपनएसएसएल आणि कर्ल स्टॅटिक बांधून बायनरी तयार केली. ती सेंटओएस ७ आणि १८.०४ दोन्हीकडे सुरू होते.

आता दोन गोष्टी उरल्या. १८.०४ वर एचटीटीपीएस जोडताना कर्ल एरर ७७ देतं, सेंटओएस ७ वर देत नाही. आणि सोर्सवरून बांधणाऱ्यांचं काय? त्यांना सिस्टिमच्याच लायब्ररी हव्या असतात, सुरक्षेचे अपडेट त्यांच्या डिस्ट्रोकडून यावेत म्हणून. ते म्हणणं रास्त आहे.

वाळवणकर

एरर ७७ म्हणजे सीए सर्टिफिकेटची फाइल उघडता आली नाही. कर्लच्या कॉन्फिगरने ती फाइल बिल्डच्या वेळी शोधली आणि तिचा पाथ बायनरीत कोरला. सेंटओएसवर ती ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स मध्ये सीए-बंडल.सीआरटी या नावाने असते, डेबियन-उबुंटूवर ईटीसी/एसएसएल/सर्ट्स मध्ये सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी या नावाने. प्रोग्रॅम सुरू होताना हे दोन्ही पाथ तपासा, जो सापडेल तो सीएइन्फो ऑप्शनने कर्लला द्या. त्याआधी एसएसएल_सर्ट_फाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहा, कारण स्वतःचं प्रॉक्सी सर्टिफिकेट वापरणाऱ्या कार्यालयांना तीच एक सोय असते. पडताळणी बंद करून हा एरर घालवणारे सल्ले नेटवर भरपूर मिळतील, तो एकही घेऊ नका.

आता सोर्स. जुन्या-नव्याचा सगळा भेद एका हेडरमध्ये आणि एका सीपीपी फाइलमध्ये कोंडा. बाकी कोडने नेहमी नवंच नाव वापरायचं आणि जुन्या सिस्टिमवर त्या नावाची सोय या फाइलीने करायची. हे उलट करू नका. कोडमध्ये जुनी नावं ठेवून नव्याला जुळवत बसलात तर तळ वर उचलताना सगळीकडे हात घालावा लागतो. नव्या नावांनी लिहिलं असेल तर त्या दिवशी फक्त ही फाइल पुसायची.

ओपनएसएसएल १.१.० च्या आधी ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स_न्यू आणि फ्री यांची नावं क्रिएट आणि डिस्ट्रॉय अशी होती. दोन डिफाइनमध्ये काम होतं. एचमॅकचा कॉन्टेक्स्ट मात्र १.०.२ मध्ये स्टॅकवर ठेवून इनिट करायचा असे, १.१.० पासून त्याची रचना झाकली गेली. त्याला न्यू आणि फ्री अशी छोटी फंक्शन लिहून द्यावी लागतात. व्हर्जनची अट घालताना लिब्रेएसएसएल वगळायला विसरू नका. ती ओपनएसएसएल व्हर्जन म्हणून कायम २.०.० सांगते, मग तुमची अट तिला १.१ पेक्षा नवी समजते.

इथे एक गोष्ट बिल्डमध्ये कधीच दिसत नाही. १.०.२ मध्ये लायब्ररी इनिट स्वतः बोलवावं लागतं आणि अनेक थ्रेड वापरणार असाल तर लॉकिंगचे कॉलबॅकही स्वतः द्यावे लागतात. १.१.० पासून दोन्हींची गरज नाही. नव्या सिस्टिमवर वाढलेला कोड १.०.२ वर कंपाइल होतो, एका थ्रेडवर टेस्ट पास होतो आणि भार वाढला की कुठेतरी आत कोसळतो. तुमच्याकडे थ्रेड आहेत, म्हणून हे आधी करा.

लिबकर्लमध्ये दुसरी खोच आहे. तिचे ऑप्शन इनममध्ये असतात, मॅक्रो नसतात. त्यांच्यावर इफडेफ लावलात तर ते नेहमीच खोटं ठरतं आणि नव्या सिस्टिमवरही तो भाग गुपचूप गळतो. व्हर्जनचाच आकडा तपासा. माइमची फंक्शन ७.५६.० ला आली. लिबकर्ल_व्हर्जन_नम मध्ये हा आकडा सोळाच्या पायात असतो, प्रत्येक भागाला दोन जागा: ७ चे ०७, ५६ चे ३८, ० चे ००. म्हणजे ०७३८००. कर्ल_अ‍ॅट_लीस्ट_व्हर्जन हा सोपा मॅक्रो आहे खरा, पण तो ७.४३.० चा. सेंटओएस ७ च्या ७.२९ मध्ये तोच नाही. ७.५६ च्या खाली फॉर्मअ‍ॅड वापरा.

जीलिबसीच्या फंक्शनसाठी मात्र व्हर्जन तपासू नका, सीमेकच्या चेक सिम्बॉल एक्झिस्ट्सने फंक्शन आहे का ते तपासा. आरएचईएलमध्ये नव्या गोष्टी जुन्या आवृत्तीत मागे आणलेल्या असतात, तिथे आकडा दिशाभूल करतो. आणि काही बाबतीत कंपाइल होणंही पुरेसं नसतं. सेंटओएस ७ च्या मूळ जीसीसी ४.८ मध्ये एसटीडी रेजेक्स हेडरमध्ये आहे, कंपाइल होतं, पण आतलं काम अपुरं आहे आणि साधा पॅटर्नही चालवताना एक्सेप्शन फेकतो. खरं रेजेक्स ४.९ ला आलं. अशा ठिकाणी छोटा प्रोग्रॅम चालवून बघणारी टेस्टच हवी.

पीथ्रेडचं कारण वर खटाटोपींच्या प्रतिसादातच आहे. २.३४ पासून थ्रेड लिबसीत आल्यामुळे पीथ्रेड न जोडताही नव्या मशीनवर लिंक होतं आणि सीमेकमधली ओळ कुणाच्या लक्षात येत नाही. फाइंड पॅकेज थ्रेड्स रिक्वायर्ड लिहा आणि थ्रेड्स::थ्रेड्स हे टार्गेट जोडा. डीएलओपन असेल तर सीमेक_डीएल_लिब्ज सुद्धा. नव्या सिस्टिमवर याने काही वाढत नाही. जुन्यावर कधीकधी लिंक निभावतं, पण मग एसटीडी कॉल_वन्स चालताना ‘अननोन एरर -१’ देतं. त्याचंही मूळ हेच.

फाइलसिस्टिम वापरत असाल तर जीसीसी ८ वर एसटीडीसी++एफएस वेगळं जोडावं लागतं, ९ पासून नाही. अल्मा ८ चा मूळ कंपायलर ८.५ आहे, तिथे हे लागेल. १८.०४ च्या जीसीसी ७ मध्ये ते फक्त एक्स्पेरिमेंटल नावाखाली आहे.

खटाटोपी

तळ ठरला की तो सीआयने राखला पाहिजे, नाहीतर एखाद्या नव्या कंट्रिब्यूटरच्या बदलातून तो नकळत वर सरकतो. बिल्ड झाल्यावर बायनरी आणि सोबतच्या प्रत्येक एसओ फाइलीतून जीलिबसीच्या सगळ्या आवृत्त्या काढा, सर्वांत मोठी शोधा आणि ती २.१७ च्या वर असेल तर जॉब पाडा.

यात सॉर्ट साधा वापरू नका, मोठ्या व्ही चा पर्याय द्या. अक्षरांच्या क्रमाने लावलं तर २.४ हे २.१७ नंतर येतं आणि तुमची तपासणी २.४ ला सर्वांत मोठं समजून २.३४ ला पास करते. आवृत्त्या स्ट्रिंग्जने शोधू नका, कुठल्याही मजकुरातले आकडे त्यात मिसळतात. नुसती सिम्बॉल यादीही पुरत नाही, कारण ‘जीलिबसी_एबीआय_डीटी_आरईएलआर’ अशी एक गरज असते जिला सिम्बॉलच नाही आणि आकडाही नाही. लिंकरला पॅक्ड रिलोकेशनचा पर्याय दिलात की ती येते आणि मग किमान २.३६ लागतं. रीडएल्फ मोठ्या व्ही ने चालवा, त्यात ही दिसते. तिथेच जीलिबसीएक्सएक्स आणि सीएक्सएक्सएबीआय या नावांचीही मर्यादा तपासा. सेंटओएस ७ साठी जीलिबसीएक्सएक्स ३.४.१९ च्या वर काही नको.

मग तीच बायनरी सेंटओएस ७, उबुंटू १८.०४, अल्मा ८ आणि उबुंटू २४.०४ च्या कोऱ्या कंटेनरमध्ये चालवा. शेवटचाही हवा, नव्या सिस्टिमवर जुनं तुटत नाही हे गृहीत धरू नका. नुसतं मदतीचं पान छापून थांबू नका, खऱ्या सर्व्हरशी एक एचटीटीपीएस जोडणी करा. वरचा ७७ तसाच पकडला जातो.

कंटेनरला एक मर्यादा आहे: लिबसी जुनी असते, कर्नल होस्टचाच असतो. सेंटओएस ७ चा कर्नल ३.१०. स्टॅटएक्स ४.११ ला आलं, कॉपी_फाइल_रेंज ४.५ ला. थेट सिस्टिम कॉल करणारा कोड कंटेनरमध्ये पास होईल आणि खऱ्या मशीनवर ईएनओएसवायएस (‘असा सिस्टिम कॉल नाही’ हा एरर) घेऊन परत येईल. प्रत्येक रिलीजआधी एकदा तरी सेंटओएस ७ च्या खऱ्या व्हीएममध्ये चालवा. आणि कोडमध्ये ईएनओएसवायएस आला की जुन्या मार्गाने जा. ईपीईआरएम (‘परवानगी नाही’) सुद्धा त्याच रांगेत धरा, कारण जुन्या डॉकरचे सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारे) नियम अनोळखी कॉलला तोच एरर देतात. २.३४ च्या जीलिबसीने क्लोन३ वापरायला सुरुवात केली तेव्हा नेमकं हेच झालं. २०.१०.१० च्या आधीच्या डॉकरवर नव्या इमेजमध्ये थ्रेडच तयार होईनात.

तुमच्या टेस्ट देवनागरीच्या आहेत म्हणून दोन सूचना. सी.यूटीएफ-८ हे लोकेल मूळ जीलिबसीत २.३५ ला आलं. डेबियन-उबुंटूने ते आधीपासून दिलं होतं, सेंटओएस ७ मध्ये नाही. तिथे ईएन_यूएस.यूटीएफ-८ लावा, नाहीतर देवनागरी फाइलनावांच्या टेस्ट पडतील आणि दोष कोडवर येईल. दुसरं म्हणजे वर्णक्रम. २.२८ मध्ये क्रमवारीची सगळी तक्तेवारी बदलली. लोकेलप्रमाणे सॉर्ट केलेली गावांची यादी सेंटओएस ७ आणि अल्मा ८ वर वेगवेगळ्या क्रमाने येऊ शकते. टेस्टमधली तुलना सी लोकेलवर बाइटच्या क्रमाने करा. आउटपुटचा क्रम सगळीकडे सारखाच हवा असेल तर तो जीलिबसीवर सोडू नका.

दगडीपाटा

पॅक्ड रिलोकेशन आणि सॉर्ट दोन्ही तपासणीत घातलं. शेवटचा प्रश्न: २.१७ हा तळ ठेवायचा कधीपर्यंत? कुणाचंच बंद पडू नये असं वाटतं, पण सी++२० ची मागणीही येतेय.

सह्यकडा

ते कंपायलर ठरवेल. सेंटओएस ७ च्या एससीएलमध्ये डेवटूलसेट ११ पर्यंत मिळतं. सी++२० चा बराच भाग त्यात बसतो, पण एसटीडी फॉरमॅटला जीसीसी १३ लागतं. तेवढ्यासाठी तळ उचलू नका, एफएमटी ही लायब्ररी सोर्समध्ये ठेवली की काम होतं. खरी वेळ येते ती स्टॅटिक जोडलेल्या ओपनएसएसएल किंवा कर्लची नवी आवृत्ती २.१७ वर बांधता येईनाशी होते तेव्हा. सुरक्षेचे अपडेट देता येत नसतील तर अशी बायनरी वाटणं बरोबर नाही. ती जबाबदारी स्टॅटिक जोडल्या दिवसापासून तुमची आहे, त्यामुळे ओपनएसएसएलची सुरक्षा सूचना आली की तुमच्या कोडमध्ये एक ओळही बदलली नसली तरी रिलीज काढा.

उचलताना मोठ्या आवृत्तीतच उचला, एक रिलीज आधी सांगा. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोडच्या १.८६ ने दूरस्थ सर्व्हरसाठी २.२८ सक्तीचं केलं. सेंटओएस ७ आणि १८.०४ वर काम करणाऱ्यांची जोडणी एका अपडेटनिशी तुटली आणि १.८६.१ मध्ये ती अट तात्पुरती सैल करावी लागली. तुमच्या टूलमध्ये तळ सोडायच्या आधीच्या रिलीजमध्ये, सुरू होताना चालू जीलिबसीची आवृत्ती विचारून घ्या. ग्नू_गेट_लिबसी_व्हर्जन हे फंक्शन २.१७ वरही आहे. आवृत्ती २.२८ च्या खाली असेल तर स्टँडर्ड एररवर एक ओळ छापा: ही शाखा अमुक तारखेपर्यंत, पुढची आवृत्ती २.२८ वर. स्टँडर्ड आउटपुटवर नको, कुणीतरी तिथून सीएसव्ही पाइप करत असणार.

जुनी शाखा लगेच बंद करू नका. तिच्यात नवं काही न घालता फक्त ओपनएसएसएल, कर्ल आणि झेडलिब बदलून पुन्हा बिल्ड करत राहा. त्यासाठी आजची बिल्ड इमेज टॅगने नव्हे, डायजेस्टने (इमेजच्या आशयावरून निघणाऱ्या, न बदलणाऱ्या ओळखीने) नोंदवा आणि तिची एक प्रत स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवा. तिच्यात बसवलेल्या आरपीएम फाइलींचीही प्रत ठेवा.